दुधातून आलेली गाठ: उंदरांतील स्तनाचा कर्करोग, जनुके आणि एक विषाणू

निफाड-पिंपळगावच्या पट्ट्यात नवी द्राक्षबाग उभी करताना कोणी बी पेरत नाही. आधी डॉगरिज या जातीचा मुळांसाठीचा खुंट लावतात, तो पुरेसा जाड झाला की निवडलेल्या वेलीच्या काडीने त्यावर कलम भरतात, आणि म्हणूनच थॉमसन या द्राक्षवाणाच्या एका बागेतल्या शेकडो वेली वाणाच्या हिशेबाने एकाच वेलीची रूपे असतात. ती काडी वाणाचे गुण घेऊन येते. मातृवेलीत पाने गुंडाळणारा विषाणू मुरलेला असेल तर तीच काडी तो विषाणूही घेऊन येते, आणि दोन्ही गोष्टी एकाच वाटेने आल्यामुळे दोष वाणाचा की लागणीचा हे नुसत्या नजरेने ठरवता येत नाही. प्रयोगशाळेतल्या उंदरांना होणाऱ्या स्तनाच्या कर्करोगाबाबत शास्त्रज्ञांपुढे नेमका हाच पेच होता. तो सुटायला अनेक दशके लागली, आणि सुटत गेला तसतसे हेही लक्षात आले की ‘आनुवंशिक’ आणि ‘संसर्गजन्य’ हे दोन शब्द आपण समजतो तितके एकमेकांपासून दूर नाहीत.

या कथेची सुरुवात विद्यापीठात झाली नाही. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स राज्यात ग्रॅन्बी नावाच्या गावी ॲबी लॅथ्रॉप ही बाई विसाव्या शतकाच्या आरंभी हौशी लोकांना पाळण्यासाठी उंदीर विकत असे. पुढे संशोधकच तिचे मोठे गिऱ्हाईक झाले आणि एके काळी तिच्याकडे ११ हजारांच्या आसपास उंदीर होते. काही उंदरांच्या अंगावर गाठी दिसू लागल्या तेव्हा तिने त्या लपवल्या नाहीत. त्यांचे नमुने तिने लिओ लोब या विकृतिशास्त्रज्ञाकडे पाठवले, आणि त्या कर्करोगाच्या आहेत असे कळल्यावर त्याच्यासोबत स्वतःच्याच गोठ्यात प्रयोग सुरू केले. १९१३ पासून दोघांच्या नावावर जे निबंध प्रसिद्ध झाले त्यांतून दोन गोष्टी पुढे आल्या. काही घराण्यांतल्या माद्यांना स्तनाच्या गाठी फार होतात आणि काहींना क्वचितच होतात, ही पहिली. बीजांडकोश लवकर काढून टाकले तर गाठींचे प्रमाण घटते, ही दुसरी. पदवी नसलेल्या एका बाईच्या नोंदवह्यांतून वंश आणि संप्रेरके हे दोन्ही धागे एकदमच हाती आले, याचे श्रेय तिला बरीच वर्षे मिळाले नाही, हे मात्र नमूद करायला हवे.

पण ‘घराणे’ ही ढोबळ कल्पना होती. वंशाचा परिणाम मोजायचा तर एका वाणातले सगळे उंदीर जनुकांच्या दृष्टीने जवळजवळ एकसारखे हवेत. त्यासाठी भावाबहिणींचा संकर सलग किमान २० पिढ्या करतात, म्हणजे प्रत्येक जनुकाच्या दोन्ही प्रती जवळपास सर्वत्र सारख्या होतात. अशा वाणाला अंतःप्रजात वाण म्हणतात. क्लॅरेन्स कुक लिटल याने १९०९ मध्ये डीबीए हा असा पहिला वाण घडवायला घेतला. आज जगभर सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या ‘सी५७ ब्लॅक’ वाणाच्या नावातला ५७ हा आकडा लॅथ्रॉपकडून आलेल्या एका मादीचा क्रमांक आहे. लिओनेल स्ट्राँग याने घडवलेला ‘सी३एच’ हा वाण गाठीप्रवण, म्हणजे गाठी होण्याकडे कल असलेला होता. त्यातल्या विणाऱ्या माद्यांपैकी जवळजवळ सगळ्यांना, बहुधा वर्ष भरण्याच्या आतच, स्तनाच्या गाठी होत. सी५७ ब्लॅकच्या माद्या शेजारच्याच पिंजऱ्यात, तेच खाद्य खाऊन, बहुतांशी गाठींवाचून म्हाताऱ्या होत. यापेक्षा स्वच्छ आनुवंशिकता कोणती असणार, असे त्या काळी वाटले तर नवल नाही.

मग एक साधा संकर केला गेला, आणि मी नाशिकमध्ये वर्गात हा विषय शिकवताना इथेच थांबून मुलांना अंदाज बांधायला सांगतो. समजा, गाठीप्रवण वाणाची मादी आणि गाठमुक्त वाणाचा नर यांच्या लेकी एका पिंजऱ्यात ठेवल्या, आणि दुसऱ्या पिंजऱ्यात उलट जोडीच्या, म्हणजे गाठमुक्त आई आणि गाठीप्रवण बाप यांच्या लेकी ठेवल्या. दोन्ही पिंजऱ्यांतल्या लेकींना अर्धी गुणसूत्रे एका वाणाची आणि अर्धी दुसऱ्या वाणाची मिळाली आहेत; लेकींना एक्स गुणसूत्रही आई आणि बाप दोघांकडून एकेक येते. तेव्हा रोग केवळ गुणसूत्रांतल्या जनुकांचा असेल तर दोन्हीकडे गाठींचे प्रमाण सारखेच यायला हवे. ते तसे आले नाही. आई गाठीप्रवण असली तर लेकींना गाठी पुष्कळ झाल्या, आई गाठमुक्त असली तर फार थोड्या झाल्या. लिटलने मेन राज्यातल्या बार हार्बर येथे उभारलेल्या जॅक्सन प्रयोगशाळेने १९३३ मध्ये हा निष्कर्ष प्रसिद्ध केला, आणि त्यावर कोणा एकाचे नाव न घालता प्रयोगशाळेच्या सर्व संशोधकांच्या वतीने तो छापला. नेदरलँड्समध्ये कोर्टेवेग यालाही स्वतंत्रपणे तेच आढळले. गुणसूत्रांबाहेरचे असे काहीतरी आहे आणि ते आईकडून येते, इतकेच त्या घडीला म्हणता येत होते.

आईकडून लेकीला गुणसूत्रांशिवाय काय मिळते? बीजांडातला पेशीद्रव, गर्भाशयातले दिवस आणि जन्मानंतरचे दूध. या तिघांपैकी दूध वेगळे काढणे सर्वांत सोपे होते, आणि ते काम त्याच प्रयोगशाळेतल्या जॉन बिटनर याने केले. प्रयोगाची रीत वाचायला सोपी असली तरी हाताला कठीण आहे. उंदराचे नवजात पिल्लू बोटाच्या पेराएवढ्या लांबीचे, लालसर, केसविरहित आणि डोळे मिटलेले असते, आणि त्याची कातडी इतकी पातळ असते की दूध पोटात गेले की डाव्या कुशीला पांढरा ठिपका बाहेरून स्पष्ट दिसतो. पिल्लाने दूध घेतले आहे की नाही हे त्या ठिपक्यावरून कळते, आणि ठिपका दिसण्यापूर्वीच पिल्लाला उचलून दुसऱ्या मादीच्या घरट्यात ठेवावे लागते. अनोळखी वासामुळे ती दूधआई त्याला मारून टाकण्याची शक्यता असते, म्हणून पिल्लाला तिच्या घरट्यातल्या कापसात-भुशात घोळवतात. उंदराचा गर्भकाळ सुमारे तीन आठवड्यांचा आणि दूध पिण्याचा काळही जवळपास तेवढाच, त्यामुळे पहाटे झालेल्या विणीवर लक्ष ठेवून बसणे हाच या कामाचा मोठा भाग असतो.

बिटनरने १९३६ मध्ये जे जाहीर केले त्याचा सारांश असा की गाठीप्रवण आईची पिल्ले गाठमुक्त वाणाच्या दूधआईकडे वाढवली तर मोठेपणी त्यांतल्या बऱ्याच माद्या गाठींपासून वाचतात. पुढच्या प्रयोगांत उलटी बाजूही दिसली, म्हणजे गाठीप्रवण मादीचे दूध प्यालेल्या परक्या पिल्लांना गाठी होऊ लागल्या. रोग दुधातून जातो, हे ठरले. तो कशाने जातो हे लगेच कळले नाही, म्हणून कित्येक वर्षे त्याला ‘दूध घटक’ असे सावध नाव होते. जीवाणू अडवणाऱ्या बारीक गाळणीतूनही तो पार होई, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक हाताशी आल्यावर गाठींत आणि दुधात सुमारे एक दशसहस्रांश मिलिमीटर व्यासाचे गोल कण दिसले. तो विषाणू होता. आज त्याला ‘माउस मॅमरी ट्यूमर व्हायरस’ किंवा थोडक्यात एमएमटीव्ही म्हणतात.

हा विषाणू रेट्रोव्हायरस कुळातला आहे. त्याचे जनुकद्रव्य आरएनएचे असते, पण पेशीत शिरल्यावर तो त्याची डीएनए प्रत काढतो आणि ती प्रत पेशीच्या स्वतःच्या डीएनएमध्ये कायमची शिवून टाकतो. हे काम करणारे विकर हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी १९७० मध्ये स्वतंत्रपणे शोधले आणि १९७५ च्या नोबेल पारितोषिकात दोघांचा वाटा होता. एकदा शिवली गेलेली प्रत पेशी विभागली की तिच्या वारस पेशींतही जाते, ही बाब इथे लक्षात ठेवावी, कारण पुढची सगळी गुंतागुंत तिच्यातून निघते.

पिल्लाच्या पोटात गेलेला विषाणू थेट स्तनग्रंथीकडे जात नाही, आणि मला वाटते की या विषाणूचे खरे कसब याच प्रवासात आहे. आतड्याच्या भिंतीत प्रतिकारपेशींचे पुंजके असतात. तिथल्या बी पेशींना आणि त्यांच्यासारख्या इतर पेशींना तो आधी लागतो, मात्र त्या मोजक्याच असतात आणि स्वस्थ पडून असलेल्या पेशीत रेट्रोव्हायरसला फारसे काही करता येत नाही. यावर त्याने काढलेला तोडगा म्हणजे त्याच्याच एका जनुकापासून बनणारे ‘सुपरअँटिजेन’ नावाचे प्रथिन. नेहमीचा परका पदार्थ शरीरात आला तर त्याला ओळखणारी टी पेशी (प्रतिकारपेशींचा दुसरा एक प्रकार) दहा हजारांत, लाखांत एखादी असते. सुपरअँटिजेन मात्र टी पेशीवरच्या ग्राहीचा, म्हणजे परका पदार्थ ओळखणाऱ्या प्रथिनाचा, एक विशिष्ट भाग पकडून टी पेशींचे अख्खे गटच चेतवते, आणि अशा पेशी मग शेकड्याच्या हिशेबात मोजाव्या लागतात. चेतलेल्या टी पेशी लागण झालेल्या बी पेशींना वाढण्याचा संदेश देतात, त्या भराभर विभागतात, आणि त्यांच्यासोबत विषाणूही वाढतो. ज्या यंत्रणेने त्याला हुसकायचे तिचाच तो वाढीसाठी उपयोग करून घेतो. पुढे मादी वयात आली आणि तिच्या स्तनग्रंथी वाढू लागल्या की रक्त-लसिकेतून फिरणाऱ्या या पेशी विषाणूला तिथे पोहोचवतात, आणि ती व्याली की तिच्या दुधातून तो पुढच्या पिढीकडे जातो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की मग जनुकांचा संबंध संपला, हा निव्वळ संसर्ग आहे. तसे मानले तर एक गोष्ट उलगडत नाही. तेच विषाणूयुक्त दूध सी५७ ब्लॅकच्या पिल्लांना पाजले तरी त्यांना गाठी फारच कमी होतात, आणि बॅल्ब-सी या वाणात एरवी हा दुधातला विषाणू नसतो पण तो दिला की त्या माद्यांना गाठी भरपूर होतात. म्हणजे विषाणू लागला तरी तो पिल्लात पुढे जातो की नाही, हे पिल्लाची जनुके ठरवतात. सी५७ ब्लॅकच्या बाबतीत एक कारण बरेच स्पष्ट आहे. सुपरअँटिजेन टी पेशींपुढे धरणाऱ्या प्रथिनांपैकी एक प्रथिन या वाणात बनतच नाही, त्यामुळे टी पेशी जोमाने चेतत नाहीत आणि विषाणूचा प्रवास पहिल्याच मुक्कामी अडखळतो. आणखी एक उदाहरण सी३एचच्याच एका उपवाणाचे आहे. त्यात टीएलआर४ हे जीवाणूंची चाहूल घेणारे जनुक बिघडलेले आहे, आणि त्यामुळे लागण झालेल्या घराण्यातूनही हा विषाणू काही पिढ्यांत नाहीसा होतो. याचे कारण २०११ मध्ये उलगडले: विषाणू आतड्यातल्या जीवाणूंच्या आवरणाचा अंश अंगावर घेऊन फिरतो, टीएलआर४ ला तो जाणवतो, आणि त्यातून निघणारे संदेश प्रतिकारशक्तीला विषाणूविरुद्ध उभे राहण्यापासून परावृत्त करतात. जंतुविरहित वातावरणात वाढवलेल्या उंदरांतही विषाणू टिकत नाही, कारण त्यांच्या आतड्यात ते जीवाणूच नसतात.

खरा घोळ याच्याही पुढे आहे. विषाणू आपली प्रत पेशीच्या डीएनएमध्ये शिवतो हे वर आले. फार पूर्वी केव्हातरी ही शिवण उंदरांच्या बीजपेशींत झाली, आणि त्या बीजांडातून किंवा शुक्राणूतून जन्मलेल्या पिल्लाच्या प्रत्येक पेशीत विषाणूची प्रत आली. अशा प्रती आता इतर जनुकांप्रमाणेच, आई आणि बाप या दोघांकडूनही, पिढ्यान्‌पिढ्या जातात, आणि बहुतेक वाणांत त्या थोड्याफार असतातच. नेदरलँड्समध्ये म्यूलबॉक याने घडवलेल्या जीआर वाणाला दूधआईकडे वाढवूनही विषाणूमुक्त करता येईना, आणि गाठींची प्रवृत्ती नराकडूनही लेकींना मिळे, ही गोष्ट बिटनरच्या निष्कर्षाशी विसंगत वाटत होती. उलगडा असा झाला की या वाणात अठराव्या गुणसूत्रावर विषाणूची एक संपूर्ण प्रत आहे आणि ती जिवंत विषाणूकण तयार करते. सी३एचची पिल्ले विषाणूमुक्त दुधावर वाढवली तरी त्यांतल्या काही माद्यांना उतारवयात गाठी होतात, आणि तिथे सातव्या गुणसूत्रावरची तशीच एक प्रत कारणीभूत असते. आता या रोगाला आनुवंशिक म्हणावे की संसर्गजन्य, याचे एका शब्दात उत्तर देता येत नाही, आणि माझ्या मते तसे देण्याचा हट्टही धरू नये.

याच प्रती काही वेळा उलट उपकारकही ठरतात. बऱ्याचशा प्रतींतून पूर्ण विषाणू बनत नाही, सुपरअँटिजेन मात्र बनते. पिल्लाच्या थायमस ग्रंथीत टी पेशी घडत असताना स्वतःच्याच शरीरातल्या पदार्थावर चेतणाऱ्या पेशी काढून टाकल्या जातात, आणि हे सुपरअँटिजेन जन्मापासून ‘घरचे’ असल्याने त्याला प्रतिसाद देणारा टी पेशींचा सबंध गट तिथेच गळतो. नंतर तशाच सुपरअँटिजेनचा विषाणू दुधातून आला तर त्याला चेतवायला पेशीच उरलेल्या नसतात. १९९२ मध्ये सी३एच उंदरांत विषाणूचे केवळ हे एक जनुक घालून दाखवण्यात आले की अशी पिल्ले विषाणूयुक्त दूध प्याली तरी लागणीपासून वाचतात.

स्तनग्रंथीत पोहोचल्यावर गाठ कशी होते, हा प्रश्न उरतो. कर्करोग घडवणाऱ्या काही विषाणूंकडे त्यासाठीचे जनुक तयारच असते. एमएमटीव्हीकडे ते नसते. तो आपली प्रत डीएनएमध्ये जवळजवळ कुठेही शिवतो, आणि लाखो पेशींत पुन्हा पुन्हा शिवता शिवता क्वचित ती पेशीच्या वाढीशी संबंधित एखाद्या जनुकाशेजारी पडते. विषाणूच्या प्रतीच्या टोकांना जनुके चालू करणारा भाग असतो, त्याच्या प्रभावाने ते शेजारचे, एरवी प्रौढ स्तनग्रंथीत बंद असलेले जनुक चालू होते आणि ती एक पेशी विभागत सुटते. सॅन फ्रान्सिस्कोत रोएल नुसे आणि हॅरॉल्ड वार्मस यांनी १९८२ मध्ये वेगवेगळ्या गाठींतल्या डीएनएमध्ये विषाणूची प्रत कुठे बसली आहे ते तपासले, आणि अनेक गाठींत ती पंधराव्या गुणसूत्रावरच्या एकाच टापूत आढळली. तिथल्या जनुकाला त्यांनी ‘इंट१’ म्हटले. १९८७ मध्ये कळले की फळमाशीच्या पंखांच्या वाढीला लागणारे ‘विंगलेस’ हे जनुक म्हणजे त्याचेच भावंड आहे, आणि दोन्ही नावे जोडून ‘विंट’ हे कुलनाव रूढ झाले. गर्भाच्या घडणीत आणि माणसाच्या मोठ्या आतड्याच्या कर्करोगात ज्या विंट संदेशमार्गाचा आज एवढा अभ्यास होतो, तो हाती लागला उंदराच्या दुधातल्या विषाणूमुळे. १९८३ मध्ये अशाच रीतीने ‘इंट२’ हे दुसरे जनुक सापडले. सी३एचच्या गाठींत पहिले जनुक आणि बीआर६ या वाणाच्या गाठींत दुसरे अधिक वेळा सापडते, म्हणजे विषाणूचा घाव कुठे फलद्रूप होतो यातही वाणाचा हात आहेच.

संप्रेरकांकडे लॅथ्रॉपने बोट दाखवलेच होते. विषाणूच्या त्या नियंत्रक भागाला प्रोजेस्टेरॉन आणि ग्लुकोकॉर्टिकॉइड ही संप्रेरके चालना देतात, म्हणून गर्भारपणात आणि दूध येण्याच्या काळात विषाणूची पैदास सर्वाधिक होते. ए नावाच्या वाणात न व्यालेल्या माद्यांना गाठी थोड्या आणि वरचेवर विणाऱ्यांना पुष्कळ होतात, त्याचे कारण हे. नरांना एरवी अशी गाठ होत नाही, पण पॅरिसमध्ये लाकासान्य याने १९३२ मध्ये नर उंदरांना इस्ट्रोजेन टोचून त्यांनाही स्तनाच्या गाठी होतात हे दाखवले होते. याच नियंत्रक भागाला कर्करोगाची जनुके जोडून १९८४ पासून असे उंदीर घडवले गेले की ज्यांच्या स्तनग्रंथींत विषाणूच्या लागणीशिवाय गाठी होतात, आणि औषधांच्या चाचण्यांतही ते वापरले जातात.

या कामात मुंबईचाही वाटा आहे, आणि तो मराठी वाचकाला ठाऊक असावा. पुण्यात १९१७ मध्ये जन्मलेल्या कमल रणदिवे यांनी परळच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये उंदरांच्या स्तनाच्या कर्करोगात वंश, संप्रेरके आणि विषाणू यांचा परस्परसंबंध अनेक वर्षे अभ्यासला. गाठीप्रवण असा आयसीआरसी हा उंदरांचा वाण त्याच संस्थेत घडला. १९७० च्या दशकाच्या आरंभी मुंबईतल्या पारशी स्त्रियांच्या दुधातही अशा विषाणूसारखे कण शोधले गेले, कारण त्या समाजात स्तनाच्या कर्करोगाचे प्रमाण जास्त होते. त्या काळात काही नमुन्यांतल्या कणांनी खळबळ उडवली, पण त्यातून माणसाचा असा कोणताही विषाणू सिद्ध झाला नाही.

नाशिकमध्ये या विषयावर कुठेही बोलले की एखादी बाळंतीण किंवा तिची सासू हमखास विचारते की मग आईला स्तनाचा कर्करोग असेल तर बाळाला अंगावर पाजावे की नाही. या भीतीला आधार नाही. माणसात हा रोग दुधातून मुलीला जातो असे कोठेही दिसलेले नाही. काही प्रयोगशाळांना मानवी गाठींत एमएमटीव्हीसदृश तुकडे सापडले आहेत, इतरांना ते सापडले नाहीत, आणि ज्या प्रयोगशाळेत उंदीर किंवा उंदराच्या पेशी असतात तिथे त्यांच्या डीएनएचा अंश नमुन्यात मिसळणे फार सोपे असते. उलट ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणानुसार, स्तनपानाच्या दर १२ महिन्यांमागे आईचा स्वतःचा स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो. आईवर केमोथेरपी सुरू असेल तर औषधे दुधात उतरतात म्हणून पाजणे थांबवतात, पण तो प्रश्न औषधांचा आहे.

माणसात जो भाग खरोखर वंशाने येतो तो स्तनाच्या एकूण कर्करोगांपैकी साधारण ५ ते १० टक्के आहे, आणि त्यातली सर्वांत परिचित जनुके बीआरसीए१ आणि बीआरसीए२ ही आहेत. मेरी-क्लेअर किंग हिने १९९० मध्ये पहिल्याचा ठावठिकाणा सतराव्या गुणसूत्रावर असल्याचे दाखवले, १९९४ मध्ये ते जनुक हाती आले, आणि तेराव्या गुणसूत्रावरचे दुसरे १९९५ मध्ये. दूध फक्त आईकडून मिळते, ही जनुके मात्र दोघांकडून मिळतात, आणि आपल्याकडे घराण्याचा इतिहास सांगताना आई आणि मावशीवर गोष्ट संपते. बिघडलेले बीआरसीए जनुक वडिलांकडे असेल तर ते मुलीकडे जाण्याची शक्यता आईइतकीच, म्हणजे निम्मी असते, आणि वडील स्वतः निरोगी असू शकतात. त्यामुळे जनुकीय समुपदेशकापुढे बसताना आत्या, वडिलांची आई, चुलत बहिणी, त्यांपैकी कोणाला बीजांडकोशाचा कर्करोग झाला होता का, आणि घरातल्या एखाद्या पुरुषाला स्तनाचा किंवा प्रोस्टेटचा कर्करोग झाला होता का, ही माहिती वयासकट लिहून न्यावी.